अल्पदृष्टी असलेल्यांसाठी ऑगमेंटेड रिॲलिटी चष्मा कसा आखावा: नागपूरच्या उन्हाचा हिशोब धरून

ऑगमेंटेड रिॲलिटी चष्मा म्हणजे समोरच्या दृश्यावर संगणकाने तयार केलेले चित्र दाखवणारा चष्मा. त्याचा आराखडा काढण्यापूर्वी तो कोणत्या डोळ्यांसाठी आहे, हे ठरवावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार योग्य तो चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ ते ३/६० या टप्प्यात असेल (६/१८ म्हणजे निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून ओळखता येणारे अक्षर ६ मीटरवरूनच ओळखता येणे), किंवा दृष्टिक्षेत्र ४० ते १० अंशांपर्यंत आकसले असेल, तर ती अल्पदृष्टी समजली जाते. या एकाच व्याख्येत परस्परविरुद्ध गरजा असलेली माणसे येतात. वयोमानाने मॅक्युला, म्हणजे दृष्टिपटलाचा मधला भाग, झिजलेल्याला मधले दिसत नाही पण कडेचे दिसते. काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिग्मेंटोसा (दृष्टिपटलाचा आनुवंशिक विकार) बळावलेल्याचे नेमके उलट असते. पहिल्याला मोठी केलेली प्रतिमा उपयोगी पडते, तर दुसऱ्याला तीच दिली की त्याच्या अरुंद क्षेत्रात जग आणखी कमी मावते. म्हणून नेत्रतज्ज्ञाकडून तीक्ष्णता, दृष्टिक्षेत्र आणि कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद छटांमधला फरक ओळखण्याची क्षमता) या तिन्हींची मोजणी करून घ्यावी. यातली कॉन्ट्रास्टची मोजणी हमखास राहून जाते, आणि रस्त्यावरची बरीच अडचण कॉन्ट्रास्ट कमी जाणवण्यामुळेच येते.

यानंतर एकच काम निवडावे. सर्व काही करणारा चष्मा शेवटी कपाटात पडतो, असे माझे मत आहे. येथे उदाहरणासाठी बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी या गजबजलेल्या भागात, उभे राहून येणाऱ्या बसचा क्रमांक वाचण्याचे काम घेऊ. पाटीवरचा आकडा २० सेंटिमीटर उंच धरला, तर ६/६० दृष्टीच्या माणसाला तो सुमारे १४ मीटरवरून जेमतेम ओळखता येतो. सहज वाचता यावा म्हणून अक्षर त्या मर्यादेच्या दुप्पट मोठे लागते, म्हणजे अंतर ७ मीटर उरते, आणि तेवढ्या अंतरात बसला हात दाखवायलाही वेळ मिळत नाही. प्रतिमा तिप्पट केली की हेच अंतर २० मीटरच्या आसपास जाते. मात्र चष्म्याचा पडदा डोळ्यापुढे ४० अंश रुंद धरला, तर तेव्हा त्यावर जगाचे जेमतेम १३ अंश मावतात, म्हणजे २० मीटरवर सुमारे साडेचार मीटर रुंदी. बस त्यात बसते. शेजारून येणारा ऑटो बसत नाही. त्यामुळे वाढीव प्रतिमा उभे असतानाच मिळावी, आणि पाऊल उचलताच चष्म्याने आपोआप मूळ आकारावर यावे. चित्र गोठवण्याचे एक बटण अवश्य द्यावे, कारण डोके किंचित हलले तरी तिप्पट प्रतिमा तिप्पट हलते, आणि थांबलेले चित्र निवांत वाचता येते.

याच हिशोबातून खर्च कुठे करू नये, हेही कळते. ६/६० दृष्टीचा डोळा एका अंशात सुमारे सहाच तपशील वेगळे ओळखतो, त्यामुळे अतिसूक्ष्म पडद्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. ते रुंद दृष्टिक्षेत्र आणि चांगला कॅमेरा यांवर घालावेत.

खरा निर्णय पडद्याच्या प्रकाराचा आहे. आरपार दिसणारी काच जगावर प्रकाशाची भर घालते, काळा रंग मात्र तिला दाखवता येत नाही. मे महिन्यात दुपारी एक लाख लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) उजेडात न्हालेली पांढरी भिंत साधारण २५,००० निट्सने (पृष्ठभाग किती उजळ दिसतो त्याचे एकक) उजळलेली असते. तिच्यावर १,००० निट्सचा पडदा आखलेली रेघ २६,००० निट्सची होते, म्हणजे रेघ आणि भिंत यांचे प्रमाण १.०४ ला १. कॉन्ट्रास्ट आधीच कमी जाणवणाऱ्या डोळ्याला ती दिसणार नाही. काच गडद करून दहा टक्केच उजेड आत सोडला, तरी प्रमाण १.४ पर्यंतच जाते, आणि सावलीत शिरताच तीच काच माणसाला आंधळे करते. म्हणून नागपूरच्या उन्हासाठी कॅमेऱ्यातून बंद पडद्यावर चित्र दाखवणारी रचना मला योग्य वाटते, तर घरातल्या आणि वाचनाच्या कामासाठी आरपार काच पुरेशी आहे. बंद पडद्याच्या रचनेत खालचा भाग उघडा ठेवावा, जेणेकरून बॅटरी संपली तरी पायाखालची पायरी दिसेल. कॅमेऱ्यात टिपल्यापासून चित्र डोळ्यांपुढे येईपर्यंतचा विलंब २० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवावा, नाहीतर घेरी येते.

कॅमेऱ्याच्या चित्रावर करायच्या प्रक्रियेत कडा ठळक करण्याने सुरुवात करावी. अरुंद क्षेत्राच्या माणसासाठी आजूबाजूच्या दृश्याची लहान केलेली रेखाकृती मधल्या दृश्यावर तरंगवण्याची कल्पना दृष्टिसंशोधक एली पेली यांनी मांडली आहे आणि ती विचारात घेण्यासारखी आहे. अक्षरे ठळक करताना मात्र देवनागरीची वेगळी काळजी लागते: रेघा जाड केल्या की अनुस्वार मात्रेला चिकटतो, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक शिरोरेषेच्या तुटकपणावर असल्याने तो बुजतो. रोमन अक्षरांवर जुळवलेली सेटिंग जशीच्या तशी वापरू नये.

उष्णतेचा प्रश्न येथे दुय्यम नाही. त्वचेला दीर्घकाळ टेकणारा पृष्ठभाग ४३ अंशांच्या आत ठेवावा असा संकेत आहे, आणि नागपूरची हवाच मे महिन्यात त्याहून तापते. बॅटरी व प्रोसेसर खिशात किंवा कमरेला न्यावेत, चेहऱ्यावर फक्त पडदा व कॅमेरा ठेवावा. वजनही त्यामुळे नाकावर येत नाही. लिथियम-आयन सेल ४५ अंशांपेक्षा जास्त तापमानात चार्ज करू नयेत, म्हणून उन्हात उभ्या गाडीत चार्जिंग होणार नाही अशी सोय फर्मवेअरमध्येच (यंत्रात कायम बसवलेल्या प्रोग्रॅममध्ये) करावी. बटणे स्पर्शाने ओळखता येतील अशी असावीत. घामेजल्या बोटाने टचपॅड चालवणे डोळस माणसालाही जमत नाही, आणि एका हातात पांढरी काठी असते हेही लक्षात ठेवावे.

चाचणी डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या विद्यार्थ्यांवर करू नये. अल्पदृष्टी असलेल्या माणसांनाच, त्यांची संमती घेऊन, बर्डीच्या उन्हातून मेट्रो स्थानकाच्या आत न्यावे, कारण उजेडातला तो अचानक बदल कॅमेऱ्याची आणि डोळ्याची एकाच वेळी परीक्षा घेतो. तीच माणसे, तेच काम, चष्मा लावून आणि त्यांच्या रोजच्या पद्धतीने, म्हणजे काठी, मोबाइलचा झूम किंवा शेजाऱ्याला विचारून, असे दोन्ही प्रकारे करून पाहावे आणि वेळ, चुका व डोके जड होणे यांची नोंद घ्यावी. मोबाइलचा झूम वेळेत आणि अचूकतेत बरोबरीचा ठरला, तर त्या कामासाठी वेगळे यंत्र बनवू नये. दुसरे काम निवडून पुन्हा मोजणीपासून सुरुवात करावी.