पोटाची इमर्जन्सी आणि दुर्बिणीचं ऑपरेशन: या चुका टाळा

सर्जरी वॉर्डात काम करून एक कळलंय, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये कॅमेरा घालायला केलेली पोटावरची छिद्रं छोटी असली की पेशंट आणि नातेवाईक दोघंही ऑपरेशन छोटंच धरून चालतात, आणि निम्मे घोळ तिथूनच होतात.

पहिला घोळ मात्र घरीच. अपेंडिक्सचं दुखणं बऱ्याचदा बेंबीपाशी सुरू होतं आणि मग उजवीकडे खाली सरकतं, तोवर गॅस समजून जुलाबाचं औषध घेऊन झालेलं असतं, ते अजिबात घेऊ नका, सुजलेलं अपेंडिक्स फुटू शकतं. आणि जोरात दुखणारं पोट अचानक शांत झालं तर खुश होऊ नका, कधीकधी ते फुटल्यामुळेच बरं वाटतं, मग काही तासांनी अख्खं पोट दुखायला लागतं.

दुसरं, खाल्लेलं लपवणं. नातेवाईक ठणकावून सांगतात "सकाळपासून काही नाही", आणि ट्रॉली थिएटरच्या दारात पोचल्यावर पेशंट हळूच म्हणतो, थोडा चहा घेतला होता हो! कोणी ओरडणार नाही, पण सांगा, कारण भूल देताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगा.

आता "दुर्बिणीनेच करा" हा हट्ट. पोटात जागा व्हावी म्हणून कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने, त्याने हृदयाकडे येणारं रक्त कमी होऊ शकतं आणि बीपी आधीच कोसळलेल्या पेशंटला ते झेपत नाही. आतडं अडकून खूप फुगलं असेल तर कॅमेऱ्याला जागाच उरत नाही. अशा वेळी सर्जनने मध्येच पोट उघडलं तर त्याला जमलं नाही असं नसतं, उलट वेळेवर घेतलेला निर्णय असतो, हे बाहेर बसलेल्यांना पटवता पटवता नाकी नऊ येतात.

ऑपरेशननंतर खांदा दुखला की लोक घाबरतात, पोटाचं ऑपरेशन आणि दुखतोय खांदा! उरलेल्या गॅसने छाती आणि पोट यांच्यामधला पडदा चिडतो आणि त्याची कळ खांद्यात येते, थोडं चाललं की बरं वाटतं, दोन-तीन दिवसांत जातं. पण छातीत दुखतंय, दम लागतोय, तर गॅस म्हणून बसू नका.

दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. चौथ्या दिवशी ते वाढलं, ताप आला, पोट फुगलं, उलट्या लागल्या किंवा पित्ताशय काढल्यावर डोळे पिवळे दिसले तर लगेच दाखवा, बाहेरचे टाके कोरडे ठणठणीत असले तरी आत पू साठलेला असू शकतो, फुटलेल्या अपेंडिक्सनंतर तर आठवड्यानेही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत जड उचलू नका, बेंबीजवळच्या छिद्रातून हर्निया होऊ शकतो.

आणि काढलेला भाग तपासणीला जातो त्याचा रिपोर्ट घ्यायला फार कमी लोक येतात, फाइलमध्ये तसाच पडून असतो. क्वचित त्यात गाठ निघते, म्हणून टाके दाखवायला याल तेव्हा तो मागून घ्या.