कळा लागोपाठ येऊन राहिल्या? मग या चुका टाळा

नागपूरला डागा हॉस्पिटल असो का मेडिकल कॉलेज, लेबर रूमच्या बाहेर बसलेल्या सासूबाईंचं ठरलेलं असते, "कळा भराभर येऊन राहिल्या ना, मग मोकळी होईल लवकर." सगळी गडबड इथेच आहे. कळ आली की गर्भाशय आवळतं आणि तेवढा वेळ वारेकडचं रक्त कमी होतं, पोट सैल पडलं की बाळाला परत ऑक्सिजन पोचतो. मधला हा वेळच मिळाला नाही तर बाळाचे ठोके बिघडायला लागतात. अर्ध्या तासाची सरासरी काढून 10 मिनिटांत 5 पेक्षा जास्त कळा येत असतील तर त्याला टॅकिसिस्टोल म्हणतात.

मोजतानाही लोक चुकतात. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ धरायचा.

दुसरी चूक म्हणजे घाई. "सिस्टर, सलाईन थोडी वाढवा ना" म्हणणं, आणि काही महाभाग तर स्वतःच ते चाक फिरवतात! त्या बाटलीत ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा वाढवायचं औषध असते हो, थेंब मोजून सोडतात ते उगाच नाही. आणि कळा वाढवायचं इंजेक्शन कमरेत द्या म्हणून कोणाच्या मागे लागू नका, ड्रिप बंद केली की औषधाचा जोर काही मिनिटांत उतरायला लागतो, कमरेत गेलेलं मात्र परत काढता येत नाही. घरी एरंडेल पाजणंही नको, जुलाब लागून अंगातलं पाणी जाते, त्यात आपला मे महिना.

पोटाला लावलेला पट्टा टोचते म्हणून काढायला लावू नका, कळा आणि ठोके दोन्ही त्यातच दिसतात.

कळा जास्त झाल्या की डॉक्टर आधी ड्रिप कमी किंवा बंद करतात, कळा सुरू व्हायला योनीत ठेवलेली औषधाची पट्टी असेल तर ओढून काढतात (जेल असेल तर ते जमत नाही), डाव्या कुशीवर झोपवतात, गरज वाटली तर साधी सलाईन देतात. ठोके तरीही सुधारले नाही तर गर्भाशय सैल करणारं टर्ब्युटालिन 0.25 मिलिग्रॅम कातडीखाली देतात, त्याने बाईची छाती धडधडते, हात थरथरतात, घाबरू नका, पण हृदयाचा त्रास असेल तर आधीच सांगा. इतकं करूनही जमलं नाही तर सिझर, तेव्हा सही करायला चार नातेवाइकांना फोन लावत बसू नका.

घरीच असाल आणि पोट दगडासारखं कडक राहून सैलच होत नसेल, रक्त जात असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल किंवा 37 आठवड्यांच्या आधीच कळा लागल्या असतील तर मोजत बसायचं नाही, 102 ला फोन करा न् निघा.