एडीएचडी असलेला खेळाडू : मैदानावर होणाऱ्या या चुका टाळा

ओहोटी लागली की गुहागरच्या किनाऱ्यावरील ओली वाळू घट्ट होते आणि तिच्यावर आम्ही मुलांचा कबड्डीचा सराव घेतो. काही वर्षांपूर्वी तिथे चौदा वर्षांचा एक चढाईपटू होता. चढाईच्या तीस सेकंदांत त्याची नजर बचावपटूंच्या पायांवरून हलत नसे, पण तोच मुलगा उजव्या कोपऱ्यात उभा राहिला की समोरचा चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आत आला तरी याचे डोळे समुद्रातल्या होड्यांकडे लागलेले असत. "चढाईत जमते, मग बचावात का जमत नाही? हा मुद्दाम करतो," असे मी त्याच्या वडिलांना सांगितले होते. ते माझे चुकले, आणि हीच चूक आजही सर्वांत जास्त प्रशिक्षक करताना दिसतात.

एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर) हा लक्ष आणि चंचलतेशी निगडित विकार आहे, पण त्याचा अर्थ लक्ष अजिबात नसणे असा नव्हे. लक्ष हवे तेव्हा, हवे तिथे आणि हवे तितका वेळ टिकवणे कठीण जाणे, असे ते असते. ज्यात क्षणोक्षणी काहीतरी घडते त्या चढाईत हा मुलगा रमतो, आणि नुसते वाट पाहायचे काम आले की त्याचे मन निसटते. तो आळशी नसतो आणि उद्धटही नसतो.

याच्या उलट चूक म्हणजे प्रत्येक चळवळ्या मुलावर हा शिक्का मारणे. निदानासाठी लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात आणि घर, शाळा, मैदान यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. अपुरी झोप, रक्तक्षय किंवा थायरॉइडचा त्रास यांमुळेही लक्ष उडते. पकडीत डोक्याला मार बसल्यानंतर एखादी मुलगी अचानक विसरभोळी किंवा चिडचिडी झाली, तर तिला आधी मेंदूच्या दुखापतीसाठी डॉक्टरांकडे न्यावे आणि तोपर्यंत मैदानात उतरवू नये. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट राहून जाते : त्यांच्यातील कित्येक जणी धावपळ करत नाहीत, नुसत्या गप्प आणि हरवलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

सूचना देण्याची आपली पद्धत हा मला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. "निदानरेषा (चढाईपटूला ओलांडावीच लागणारी रेषा) ओलांड, डावा कोपरा बघ, सहा जण असतील तर बोनस घे, आणि दम सोडू नकोस," असे एका दमात सांगितले की त्यातले पहिले किंवा शेवटचे वाक्यच त्याच्याजवळ उरते. एका वेळी एकच गोष्ट, नाव घेऊन, डोळ्यांत पाहून सांगावी आणि ती त्याच्याच तोंडून पुन्हा म्हणवून घ्यावी. त्या मुलासाठी आम्ही एवढेच ठरवले की साखळीत त्याचा हात धरलेल्या खेळाडूने चढाईपटू मध्यरेषेवर येताच त्याचा हात दाबायचा. काही आठवड्यांत त्याचा कोपरा सावरला. वीस मिनिटांच्या रांगेपेक्षा चार-पाच मिनिटांचे, सतत बदलणारे सराव अशा मुलांना मानवतात.

शिक्षा म्हणून सरावाबाहेर बसवणे आणि दहावीचे वर्ष आले म्हणून खेळ बंद करणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. व्यायामानंतर अशा मुलांचे लक्ष काही काळ सुधारते, त्यामुळे मैदान काढून घेतले तर अभ्यासालाही फटका बसतो.

औषधांबाबतची चूक मात्र कारकीर्दीवर बेतू शकते. एडीएचडीवर दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे 'वाडा'च्या यादीत स्पर्धाकाळासाठी निषिद्ध आहे. एडीएचडीवरचेच दुसरे औषध, अॅटोमॉक्सेटिन, त्या यादीत नाही. बंदीच्या भीतीने कोणी मिथाइलफेनिडेटची गोळी लपवतो, तर कोणी स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती बंद करतो, आणि तरीही तिचा अंश नमुन्यात सापडू शकतो. योग्य मार्ग म्हणजे उपचारासाठीची सूट, टीयूई. राष्ट्रीय पातळीवरील खेळाडूने त्यासाठी निदानाच्या कागदपत्रांसह 'नाडा'कडे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी अर्ज करावा. रिओ ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके मिळवणाऱ्या अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स यांची वैद्यकीय माहिती २०१६ मध्ये हॅकरांनी फोडली, तेव्हा त्यांनी लहानपणापासून एडीएचडीचे औषध घेत असल्याचे उघडपणे सांगितले. त्यांच्याकडे रीतसर परवानगी होती. औषध सुरू करणे, बदलणे वा थांबवणे हे डॉक्टरांनीच ठरवावे.

उत्तेजक औषधांमुळे भूक मरते, हृदयाचे ठोके वाढतात आणि शरीर तापले तरी थकवा उशिरा जाणवतो. एप्रिल-मेच्या दमट कोकणी उकाड्यात, जिथे घाम वाळतच नाही, हे धोक्याचे ठरते. अशा खेळाडूला गोळीआधी पोटभर न्याहारी द्यावी, सराव सूर्य वर येण्याआधी आटोपावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने पाणी पाजावे.

रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय असूनही त्याच्या नावानेच पालक बिचकतात आणि वर्षे वाया जातात. पहिले पाऊल बालरोगतज्ज्ञांकडे टाकले तरी चालते, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जाताना दोन आठवड्यांची एक वही न्यावी : झोप किती झाली, सरावात मन कधी निसटले, शाळेत काय झाले. त्या मुलाच्या आईने अशी वही ठेवली होती, आणि डॉक्टरांनी सर्वांत आधी तीच मागितली.