चालता सुतारकामाचा कारखाना घेताय? आधी उचलीची वही मागा

तीन वर्षांपूर्वी मी नाशिकच्या अंबडला फर्निचरचा चालता कारखाना घेतला. त्याआधी सातपूरच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळायचे. रंधा कोणता नि पटाशी कोणती, हे घेतल्यावर कळलं. व्यवहाराच्या दिवशी मी मशीन मोजल्या, प्लायच्या शीट मोजल्या, सागाच्या फळ्यांवर खडूने घनफूट टाकून घेतले. बघायच्या राहिल्या त्या दोन वह्या: गिऱ्हाइकांच्या ॲडव्हान्सची आणि कारागिरांच्या उचलीची, म्हणजे त्यांनी पगारापोटी आगाऊ घेतलेल्या पैशांची.

तिसऱ्या आठवड्यात इंदिरानगरचे एक गृहस्थ आले. "आमचा देव्हारा झाला का?" पैसे जुन्या मालकांनी घेतलेले, देव्हारा करायचा मी. असे चार निघाले. फसवाफसवी नव्हती, त्यांचा सगळा हिशेब डोक्यात असायचा. पण तुम्ही अर्धवट कामं, त्यांवर घेतलेले पैसे, उचल, प्लायवाल्याची नि हार्डवेअरवाल्याची उधारी यांची यादी विकणाऱ्याच्या सहीने घ्या. देणं किमतीतून वजा करा, उचल कोण सोसणार ते आधीच ठरवा. शेवटचा हप्ता सहा महिन्यांनी द्या, तोवर असे देव्हारे बाहेर येतात.

कागदांचं थोडक्यात. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर जुना जीएसटी नंबर तुमच्या नावावर होत नाही, नवा घ्यावा लागतो. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने तुमच्याकडे वळवता येतं, पण तो फॉर्म जुन्या मालकाने आपला नंबर बंद करायच्या आधी भरायचा. प्लॉट एमआयडीसीचा असेल तर हस्तांतराला त्यांची परवानगी लागते. महावितरणच्या मीटरवर थकबाकी आहे का, तेही बघा.

आता खरी गोष्ट, दर. पहिलं वर्षभर कामं भरपूर होती आणि हातात काही उरत नव्हतं. मी दोष पगारांना देत होते. एका दुपारी मिस्त्रीकाका चौकटीला रंधा मारत होते, खाली भुशाचा ढीग. म्हणाले, "ताई, हा भुसा पण आपणच विकत घेतलाय ना?"

मग वहीवर मांडून बघितलं. घनफूट काढायची रीत सोपी: लांबी फुटात, रुंदी नि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. उंबऱ्यासह चौकटीला सात फुटांचे दोन आणि साडेतीनचे दोन, म्हणजे २१ फूट लाकूड. पाच बाय तीन इंचांनी ते २.१९ घनफूट होतं. रंध्यानंतर पावणेपाच बाय पावणेतीन उरतं, म्हणजे १.९०. आम्ही लाकूड घ्यायचो पहिल्या मापाने आणि बिल करायचो दुसऱ्या मापाने! दर चौकटीमागे आठव्या हिश्शाहून जास्त साग फुकट जात होता. गाठी नि भेगांचे तुकडे वेगळेच. तेव्हापासून कोटेशनवर 'रफ माप', म्हणजे रंध्याआधीचं, असं लिहूनच देते. दोन-तीन गिऱ्हाइकं कुरकुरली, एक गेलं.

दुसरी शिस्त ओलाव्याची. ऑगस्टमध्ये घाईघाईने केलेलं पॅनलचं (चौकटीच्या खाचेत फळी बसवलेलं) दार एप्रिलच्या उन्हात फाकलं, भेगेतून पलीकडचा दिवा दिसायचा. दार फुकट बदलून दिलं. ओलावा मोजायचं मीटर घ्या. १२ टक्क्यांच्या वर आकडा दिसला की लाकूड मध्ये पट्ट्या ठेवून रचायचं आणि थांबायचं. पॅनलला खाचेत फेव्हिकॉल लावू देऊ नका, त्याला ऋतूप्रमाणे हलायला जागा लागते. हे मला काकांनी सांगितलं नाही, कारण त्यांच्या मते ते सगळ्यांनाच माहीत असतं!

धंदा वाढवायचा म्हटलं की जो तो नवीन पॅनल सॉ, म्हणजे प्लायच्या शीट कापायचं मशीन, घ्यायला सांगतो. मीही कोटेशन मागवलं होतं. पण महिनाभर रोज संध्याकाळी कुठलं काम कुठे अडलंय ते लिहीत गेले, तर कापायला काहीच अडलेलं नव्हतं. सगळं पॉलिशला रांगेत. उघड्या शेडमध्ये भुसा उडून ओल्या पॉलिशवर बसायचा, पुन्हा घासा, पुन्हा मारा. मग मशीनऐवजी कोपऱ्यात पॉलिशची बंद खोली केली, एक्झॉस्ट फॅन आणि दाराला दुहेरी पडदा. तेवढ्याच माणसांत जास्त माल बाहेर पडायला लागला.

आता २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीतले लॉजवाले पलंग-कपाटं विचारायला येतात, सगळ्यांना कालच हवी असतात. अर्धे पैसे आधी, आणि तारीख पॉलिशच्या खोलीबाहेरचा, रांगेतली कामं लिहिलेला फळा बघून. बाथरूमजवळच्या कपाटाला आयएस ७१० चा (पाण्यात टिकणारा, मरीन) प्लाय, बाकीला आयएस ३०३ (नेहमीच्या वापराचा) चालतो, हे कोटेशनमध्ये वेगवेगळं लिहा, नाहीतर लॉजवाला स्वस्त दर धरून बसतो नि माल महागाचा मागतो. फळ्यावर जागा नसेल तर मी सरळ नाही सांगते. जुने मालक अजून खंडेनवमीला येतात, मशीनवर झेंडूची माळ घालतात आणि दरवर्षी विचारतात, "पॅनल सॉ घेतला का?"