एमआरआयच्या दाराशी मदतनिसाने काय बघायचं

स्कॅन बंद असला तरी चुंबक चालूच असतो. रिकाम्या खोलीत जातानाही खिशातली कात्री बाहेरच काढून ठेवा.

रुग्णाला नाव आणि जन्मतारीख स्वतः सांगायला लावा. ‘तुम्हीच अमुक ना?’ असं विचारलं की घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. फॉर्म भरलेला असला तरी तोंडी पुन्हा विचारा: पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? शेवटचा प्रश्न वेल्डिंग-ग्राइंडिंग करणाऱ्यांना हमखास विचारा. ‘आठवत नाही’ हे उत्तरही ‘हो’च धरायचं आणि टेक्नॉलॉजिस्टला बोलवायचं.

गाऊन दिल्यावर हेअरपिन बघा, औषधी पॅचही बघा. काही पॅचच्या पाठीला धातूचा पातळ थर असतो, त्याने त्वचा भाजते. पण तो परस्पर काढू नका, नर्सला विचारा.

टेबलावर हात गुंफलेले नकोत, पोटऱ्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. त्वचेला त्वचा टेकली की बंद वळसा तयार होतो, त्यातून करंट फिरतो आणि तिथेच भाजतं. मध्ये पॅड घाला. कॉइलच्या (तपासायच्या भागावर बसवायच्या, सिग्नल टिपणाऱ्या साधनाच्या) वायरलाही वेटोळं नको.

फोमचा इअरप्लग नुसता कानाशी चिकटवून भागत नाही. पिळून बारीक करा, कान वर-मागे ओढून आत सरकवा, फुगेपर्यंत बोटाने धरा. मग बोलावण्याचा बल्ब, म्हणजे मदत हवी असली की रुग्णाने दाबायचा रबरी फुगा, त्याच्याकडूनच दाबून घ्या.

रुग्ण बेशुद्ध पडला तर त्याला बाहेर आणायचं. साधा ऑक्सिजन सिलिंडर आत न्यायचा नाही, कितीही घाई असली तरी.