ऑइल बदलताना इंजिन फ्लश करायचं का?

फ्लश म्हणजे जुन्या ऑइलमध्ये साफ करणारं रसायन ओतून, काही मिनिटं इंजिन चालवून सगळं काढून टाकणं. दर वेळी ठरलेल्या किलोमीटरवर ऑइल बदललं असेल तर त्याची गरज नाही. चांगल्या ऑइलमध्ये मळ धरून ठेवणारी रसायनं असतातच. डिझेल गाडीचं नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं पडतं, त्यामुळे नुसत्या रंगावरून फ्लशला हो म्हणू नका.

त्यापेक्षा ऑइल भरायचं झाकण उघडून टॉर्चने आत बघा. तपकिरी चकाकी असेल तर ठीक. ग्रीससारखा काळा थर बोटाला लागला, तर तो गाळ. पुण्यात पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांना झाकणाखाली पिवळट फेस दिसतो. तो बहुतेक वेळा दमटपणाचा असतो, अर्धा तास हायवेला चालवली की जातो. कूलंटही कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट (कूलंट ऑइलमध्ये जाऊ न देणारं इंजिनचं सील) तपासा.

खूप गाळ असलेल्या इंजिनात फ्लश सर्वांत धोक्याचा. सुटलेले तुकडे संपमधल्या (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातल्या) जाळीत अडकतात, ऑइल प्रेशर पडतं आणि बेअरिंग, टर्बो जातात. अशा गाडीत चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर घाला, दोन-तीन हजार किलोमीटरवर दोन्ही पुन्हा बदला. गाळ हळूहळू निघतो.

फ्लश करायचाच तर बाटलीवर लिहिलेली मिनिटंच इंजिन आयडलिंगवर ठेवा, रेस देऊ नका, गाडी चालवू नका. गरम असतानाच ऑइल पूर्ण निथळू द्या. फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवाच हवा. डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन धुवायला साफ नकार द्या.