ऑनलाइन बुद्धिबळ खेळायला सुरुवात कशी करायची

सोंगट्या कशा चालतात एवढं येत असेल तर बास, बाकीचं खेळता खेळता येतं. मी लिचेस (Lichess) या बुद्धिबळाच्या साइटवर खेळते, पूर्ण फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि ब्राउझरमध्येपण चालतं.

आधी अकाउंट काढा. युजरनेम विचार करून घ्या कारण ते नंतर बदलता येत नाही, आणि खरं नाव नकोच.

मग टायमिंग निवडा, इथेच बरेच नवीन लोक चुकतात. 3+2, 10+0, 15+10 असे आकडे दिसतील, त्यातला पहिला म्हणजे प्रत्येकाला मिळणारी मिनिटं आणि दुसरा म्हणजे प्रत्येक चालीला घड्याळात वाढणारे सेकंद. तुम्ही 15+10 घ्या. 3 मिनिटांचा डाव बघायला भारी वाटतो पण बोट पळतं आणि डोकं मागे राहतं, असे शंभर डाव खेळलात तरी त्याच त्या चुका होत राहतात.

रेटिंग, म्हणजे तुम्ही किती चांगलं खेळता ते सांगणारा आकडा, 1500 पासून सुरू होतं, शेजारी प्रश्नचिन्ह असतं. पहिल्या काही डावांत ते धडाधड खाली येऊ शकतं, घाबरू नका, सिस्टीम अजून तुमची लेव्हल शोधत असते आणि त्यामुळेच पुढे बरोबरीचे लोक मिळतात.

डाव सुरू झाला की प्रत्येक चालीआधी एकच बघा, समोरच्याची सोंगटी आत्ता जिथे आली तिथून पुढे कुठे जाणार. म्हणजे तुम्ही काळ्याकडून खेळताय, राजा अजून जागेवरच आहे आणि पांढरा घोडा बी5 वर आला (पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या रांगा ए ते एच आणि त्याच्या बाजूने आडव्या रांगा 1 ते 8, त्यावरून घराचं नाव), तर त्याची नजर बहुतेक सी7 वर असते, तिथून तो राजाला शह देतो, तुम्ही राजा हलवता आणि कोपऱ्यातला हत्ती जातो. माझा असा हत्ती कितीतरी वेळा गेलाय, तेव्हा बी5 वर घोडा दिसला की थांबाच.

मोबाईलवर बोट चुकून भलत्याच घरात पडत असेल तर सेटिंगमध्ये चाल कन्फर्म करायचा ऑप्शन आहे.

हरलात की लगेच रीमॅच दाबू नका, प्लीज. रागात खेळलेला पुढचा डावपण बहुतेक जातोच. त्याऐवजी तोच डाव उघडा, कुठे बिघडलं ते आधी स्वतः शोधा आणि मगच कॉम्प्युटर ॲनालिसिस लावा. डाव चालू असताना मात्र इंजिनची, म्हणजे चाली सुचवणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामची मदत अजिबात घ्यायची नाही, ती सरळ चीटिंग आहे आणि अकाउंटवर कारवाई होते.

दिवसाला असे दोन डाव पुरे.